वसंताने जीप उंच केली

आमच्या महाडच्या घरात पहाट झाल्याचं कळायचं ते ट्रेडल मशीनच्या आवाजाने. खाली छापखाना, वर आम्ही. अण्णा, म्हणजे माझे वडील, अंघोळ उरकून पहिलं काम मशीनवर चढवायचे आणि जिन्याखालून खट-धप, खट-धप असा आवाज घरभर पसरायचा. आई वर चुलीपाशी तांदळाची भाकरी थापत असायची. तिचा हात त्या ठेक्यात इतका बसला होता की कागद अडकून मशीन थांबलं तर परातीतली भाकरीही थांबायची. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, धुवायला रॉकेल लागायचं. त्याचा वास आमच्या कपड्यांना, पांघरुणांना आणि मला वाटतं कुळथाच्या पिठल्यालाही होता. पाहुणे नाक मुरडायचे. मला मात्र आजही कुठे रॉकेलचा वास आला की भूक लागते.

मी अक्षरं शिकलो ती खिळ्यांवरून, म्हणजे उलटी. आणि वाचायला शिकलो पत्रकांवरून. अण्णांनी इंग्रजांच्या काळात चोरून छापलेल्या पत्रकांचा एक गठ्ठा माळ्यावर होता. शेजारची मुलं राजाराणीच्या गोष्टी वाचायची तेव्हा मी ‘बंधूंनो, किती काळ झोपून राहणार?’ हे मोठ्याने वाचत माळ्यावर येरझारा घालायचो. पुढे विशीत मी स्वतःची पत्रकं लिहू लागलो. आई म्हणायची, “मधू, मीठ मागतानासुद्धा तू जनतेला मागतोस.” मला ते बोलणं लागायचं, पण खोटं नव्हतं. अन्याय दिसला की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार व्हायचा, मग राग यायचा.

त्या काळात माझा मथळा एकच होता, वरच्या कोंडाचा रस्ता. पोलादपूरच्या मागे डोंगरात हा कोंड. घरं मोजकी, माळ उतरता, नाचणी-वरीची शेती आणि प्रत्येक घरातला एक तरी माणूस मुंबईच्या गिरणीत. पायथ्यापासून वर जायला कोळशाच्या ठेकेदाराने कधीकाळी लॉरीसाठी फोडलेली वाट होती. ठेकेदार जंगल संपवून निघून गेला आणि मागे दोन खोल चाकोऱ्या ठेवून गेला. मध्ये दगडांचा उंचवटा, दोन्ही बाजूंना गुडघाभर घळ. मिठाचं पोतं असो की लग्नाची भांडी, सगळं डोक्यावरून वर जायचं. मी या वाटेवर सहा पत्रकं लिहिली. ‘रस्ता द्या, नाहीतर खुर्ची सोडा’ हे त्यातलं एक. ती घेऊन मी महाडहून एसटीने पोलादपूर आणि तिथून पायी वर जायचो, देवळाच्या पारावर उभा राहून वाचून दाखवायचो. कोंडाचे गावकर, म्हणजे वाडीचे कारभारी, रामा गावकर, डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, “बेस वाचलंस रे पोरा. च्या घेनार ना?” बायका म्हणायच्या, “आवाज चांगला हाय गो ह्याचा.” माझ्या पत्रकांवर कोणी कधी भडकलं नाही. मला चहा मिळायचा.

आता वसंता. वसंता माझा आतेभाऊ. आत्या लवकर गेली, त्यामुळे तो लहानपणापासून आमच्याकडेच. माझ्याहून वर्षाने मोठा. शाळा त्याने मधूनच सोडली आणि पोलादपूरला हसनमिस्त्रींच्या गॅरेजात कामाला लागला. आठवडाभर तिकडे, शनिवारी घरी. वसंता दिसायला देखणा होता आणि ते त्याला ठाऊक होतं. ग्रीसने काळे झालेले हात, पण केसांचा कोंबडा मात्र तेल लावून जागच्या जागी. जिना चढताना शीळ घालायचा. ती शीळ ऐकली की आई दह्याच्या भांड्यावरची साय हलकेच एका बाजूला सारायची. ती साय कोणाच्या वाटीत जाणार हे मला लहानपणापासून माहीत होतं. “आई नाही रे त्याला,” असं आई एकदा म्हणाली होती. मला आई होती, म्हणून मला साय नव्हती! या युक्तिवादाला उत्तर नाही, हे मी आज ऐंशी पार केल्यावरही सांगतो.

पण सायीचं दुःख मी पचवलं होतं, कारण अण्णा माझे होते. अण्णा कागदाचे माणूस, मीही कागदाचा. माझ्या पत्रकाचं पहिलं प्रूफ ते चष्मा कपाळावर चढवून, कागद डोळ्यांजवळ धरून वाचायचे. वाचून झाल्यावर फक्त “हं” म्हणायचे. त्या ‘हं’ साठी मी आठवडा आठवडा जगत होतो. वसंताला कागद म्हणजे हात पुसायची वस्तू. हा प्रदेश माझा आहे आणि इथे तो कधी येणार नाही, अशी माझी खात्री होती.

मग त्या जीपने घात केला. कोळशाच्या ठेकेदारानेच टाकून दिलेली ती जुनी लष्करी जीप, लढाईनंतर लिलावात निघालेल्यांपैकी. पोलादपूरच्या एका आंब्याखाली कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. वसंताने ती हसनमिस्त्रींच्या गॅरेजात ढकलत आणली आणि वर्षभर तिच्या अंगाला भिडला. ती चालू झाली त्या शनिवारी तो ती घेऊनच महाडला आला. सगळी गल्ली दारात. अण्णा छापखान्यातून शाईच्या हातांनी बाहेर आले, जीपभोवती एक फेरी मारली आणि वाकून खाली बघितलं. वसंता म्हणाला, “मामा, चारही चाकं ओढतात हिची. पण पोट खाली आहे. कोंडाच्या वाटेवर मधल्या दगडाला टेकते नि कासवासारखी हातपाय हलवत बसते. हिला उंच करायची. मग बघा, कोंडात मीठ, रॉकेल, माणसं, सगळं मी नेणार.”

“उंच कशी करतात?” अण्णांनी विचारलं. माझ्या सहा पत्रकांवर मिळून त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नव्हता.

त्यानंतरचे दोन-तीन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. अण्णा शनिवारची वाट बघू लागले. पुढे त्यांना शनिवारही पुरेना, कागद आणायच्या निमित्ताने एसटी पकडून ते पोलादपूरला जाऊ लागले. आमचा कागद मुंबईहून यायचा! एकदा मी मागोमाग गेलो. गॅरेजच्या अंगणात जीप चार लाकडी ओंडक्यांवर उभी, चाकं काढलेली, आणि खालून दोन पाय बाहेर आलेले. वहाणा ओळखीच्या होत्या. माझे वडील, ज्यांनी आयुष्यात धोतराला डाग पडू दिला नाही, ते जीपखाली उताणे पडून आमची कंपोझिंगची पितळी पट्टी लावून आस, म्हणजे चाकांना जोडणारा दांडा, आणि गाडीचं पोट यांच्यातलं अंतर मोजत होते. त्या पट्टीला मी लहानपणी हात लावला तर माझ्या हातावर तीच पट्टी बसायची.

आधी वसंताने ऐनाच्या लाकडाचे ठोकळे करून पाटे आणि गाडीचा सांगाडा यांच्या मध्ये घातले. पाटे म्हणजे गाडी ज्यांच्यावर तोलते त्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानी. पहिल्याच खड्ड्यात ठोकळे चिरले. मग हसनमिस्त्री म्हणाले, “अरे, पाटे आसाच्या खाली बांधलेत ना, ते सोडव नि वर बांध. गाडी आपोआप उठेल.” तसं केलं, आणि जीप खरोखर वीतभर वर आली. पण आसाच्या मध्ये गिअरांचा जो लोखंडी गोळा असतो तो होता तिथेच राहिला, कारण तो चाकांबरोबर चालतो, अंगाबरोबर नाही. तो उचलायचा तर चाकं मोठी हवीत. मग कुठून तरी जुन्या ट्रकची मोठी चाकं आली, ती बसेनात म्हणून वरचे पत्रे कापले, ब्रेकच्या नळ्या आखूड पडल्या म्हणून त्या वाढवल्या. एक बदललं की दुसरं अडायचं. अण्णा रात्री जेवताना हे सगळं मला समजावून सांगत. “मधू, हे आपल्या लेडसारखं आहे बघ. दोन ओळींच्या मध्ये शिशाची पट्टी घातली की ओळी मोकळ्या होतात. पण मग पानच मोठं होतं, चौकट बदलावी लागते.” त्यांचे डोळे चमकत होते. मी भाकरीचा तुकडा मोडत होतो. शेवटी मी म्हणालो, “तुम्ही माझं शेवटचं पत्रक वाचलंत का?” तर म्हणाले, “कुठलं रे?”

जीप तयार झाली तेव्हा ती मला तरी जीप वाटेना. लांब पायांच्या बगळ्यासारखी दिसत होती. चढायला वसंताने बाजूला लोखंडी पायरी जोडली होती. त्या रविवारी तो अण्णांना घेऊन सव गावाला गेला, गरम पाण्याच्या कुंडावर, अंगाचं ग्रीस उतरवायला. अण्णांच्या अंगाला कसलं ग्रीस! पण गेले. मला “येतोस का?” असं वसंताने विचारलं, मागची सीट झटकत. मी म्हणालो, “मला लिहायचंय.” खिडकीतून पाहिलं, तर वळणावर गाडी झुकली तसे अण्णा लहान मुलासारखे हसत दांडीला धरून होते. त्या दुपारी मी सातवं पत्रक लिहिलं. शीर्षक होतं ‘उंच गाड्या, खुजं सरकार’.

आज लोक हौसेने असल्या गाड्या उंच करतात. शहरातली पोरं सुट्टीत आमच्याकडे येतात, चांगली डांबरी सडक सोडून मुद्दाम ओढ्यात उतरतात, चिखल उडवतात आणि त्याचे फोटो काढतात. माझा नातू मला त्या गाड्यांची नावं सांगतो. मी चिडतो आणि तो हसतो. चिडण्याचं कारण त्याला कळत नाही, आणि मीही ते कधी नीट सांगितलेलं नाही. आमच्या वेळी प्रश्न जगण्याचा होता आणि तोच आमच्या भांडणाचा मुद्दा होता. तो मुद्दा मला आजही बरोबर वाटतो.

मुद्दा असा. रस्ता वाईट असेल तर रस्ता सुधारायचा, गाडी उंच करायची नाही. एक गाडी वर गेली की सरकार म्हणणार, वाहन जातंय की, मग रस्ता कशाला? एकाने उंच व्हायचं आणि बाकीच्यांनी दगडांतून चालायचं, हा न्याय नव्हे. हे मी एका शनिवारी ताटावरच वसंताला सुनावलं. ताटात सुकटीची चटणी आणि भाकरी होती. वसंता मिटक्या मारत होता.

“पुढारी,” तो म्हणाला. तो मला पुढारीच म्हणायचा. “तुझ्या पत्रकाने एक तरी साहेब वर गेला का? पायथ्याला येतात, वर बघतात, घाम पुसतात नि परत. रस्ता मंजूर व्हायला साहेबाने ही वाट डोळ्यांनी बघायला हवी. साहेब चालत जाणार नाही. माझी जीप त्याला नेईल.”

“आणि जीपमधून आरामात गेला की म्हणेल रस्ता आहेच!”

“आरामात? एकदा बसून बघ, मग बोल.”

“मी बसणार नाही. मी तुझ्या जीपपुढे आडवा पडेन.”

“पड,” वसंता म्हणाला. “उंच आहे ती. वरून जाईन, तुला खरचटणारसुद्धा नाही.”

आई पदर तोंडाला लावून हसली. अण्णाही हसले. मला आजही ते हसणं जसंच्या तसं ऐकू येतं. दोघांनाही त्याने एका वाक्यात जिंकलं होतं, आणि तेही माझ्या ‘आडवा पडेन’ वर.

शिमग्याच्या आधी बातमी आली की बांधकामाचे नवे ओव्हरसिअर कोंडाची वाट तपासायला येणार आहेत. माझ्या पत्रकामुळे येणार होते, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. त्यांनी ते वाचलं होतं, तसं त्यांनी अण्णांना सांगितलं. पण येणार होते वसंताच्या जीपमधून. दुसरं कुठलंच वाहन त्या वाटेवर जाऊ शकत नव्हतं. म्हणजे माझं लिखाण त्यांना पायथ्यापर्यंत आणणार आणि पुढचा मान वसंताचा. मी ठरवलं, आदल्या दिवशीच वर जायचं, कोंडाला तयार करायचं आणि साहेबाला वाटेवरच गाठून एकेक दगड दाखवायचा. रस्ता मिळणार की नाही, हे त्या एका सकाळवर होतं. साहेब बदलून जातात, पुन्हा कोण येणार?

मी वर पोचलो तेव्हा शिमग्यासाठी मुंबईचे सगळे गडी गावात आले होते. ढोल तापत होते, पुरण वाटलं जात होतं. पालखी दुसऱ्या दिवशी देवळातून निघणार होती. दुसऱ्या सकाळी उठून वाटेकडे गेलो आणि जागीच थिजलो. कोंडाच्या बायका पाट्या भरभरून माती आणत होत्या. चाकोऱ्यांत त्यांनी ऐनाचा पाला भरला होता, त्यावर माती पसरली होती, वर पाणी शिंपडून ती चोपली होती. मधल्या उंचवट्यावर शेणसडा. घोडउतार म्हणून जी अवघड चढण आहे, जिथे पूर्वी घोड्यावरूनही उतरावं लागे म्हणे, तिथे तर रांगोळी काढली होती. पालखीची वाट सजवतात तशी ती वाट सजली होती. इतकी गुळगुळीत वाट त्या डोंगराने कधी पाहिली नसेल.

“गावकर!” मी ओरडलो. “हे काय केलंत? साहेब वाईट रस्ता बघायला येतोय!”

रामा गावकर फेटा बांधत होते. शांतपणे म्हणाले, “पावना येतोय रे. त्येला काय दगडावरनं आपटत आनायचा?”

“अहो, त्याला दगड दिसले नाहीत तर रस्ता मिळणार कसा?”

“दगड हायेतच की खाली. कुटं गेलेत?”

“पण दिसत नाहीत!”

एक म्हातारी पाटी खाली ठेवून म्हणाली, “आपल्या घरी सोयरीक बघायला येतात, तवा आपन फाटकं लुगडं नेसतो काय रे? नाय ना?”

तेवढ्यात खालून जीपचा आवाज आला आणि मला वेगळीच भीती वाटली. घोडउतारापर्यंत जीप नेऊन नेऊन वसंताला त्या वाटेचा दगडन् दगड पाठ होता, देवळापर्यंत मात्र ती अजून गेली नव्हती. चाकं कुठे घालायची, कुठे नाही, हे तो दगड बघून ठरवायचा. आज त्याला दगड दिसणार नव्हते. आणि पाल्याने भरलेली चाकोरी वरून कितीही चोपली तरी चाक घातलं की खचणार. मी खाली धावलो. घोडउताराच्या तोंडाशी वाटेच्या मधोमध उभा राहिलो, दोन्ही हात वर केले आणि ओरडू लागलो, “थांब! वसंता, थांब! पुढे येऊ नको!”

जीप वळणावरून आली. वसंताच्या शेजारी हॅट घातलेले ओव्हरसिअर, मागे दांडीला धरून अण्णा. वसंताने मला बघितलं आणि दात दाखवून हसला. त्याने साहेबांच्या कानाकडे वाकून काहीतरी सांगितलं. मग मोठ्याने म्हणाला, “पुढारी, आज नको! आज पाहुणे आहेत! संध्याकाळी आडवा पड!” साहेब हसले, अण्णाही हसले. मी खरं सांगत होतो, आणि तिघंही माझ्या जुन्या वाक्यावर हसत होते. वसंताने भोंगा वाजवला, चाक दरडीच्या बाजूला वळवलं आणि माझ्या अंगाला घासत पुढे गेला.

दहा-बारा हात गेला असेल. डोंगराकडची चाकं पाल्यात गेली आणि मऊशार खाली उतरली. साध्या जीपचं पोट टेकलं असतं आणि ती तिथेच बसली असती. पण ही उंच होती, टेकायला तिला पोट उरलं नव्हतं. ती कलू लागली. हळू कलली, इतकी हळू की अण्णांना मागच्या बाजूने उतरायला वेळ मिळाला. “टण्ण” असा आवाज झाला आणि पुढचा पाटा तुटला. मग ती लांब पायांची जीप डोंगराच्या कडेला मान टेकून आडवी झाली आणि ओव्हरसिअर साहेब हॅटसकट करवंदीच्या जाळीत गेले.

कोणाला काही झालं नाही. साहेबांच्या कोटाला काटे लागले होते, ते अण्णा एकेक काढत होते. वसंता जीपच्या बाजूला उभा होता. त्याचा कोंबडा विस्कटला होता आणि चेहऱ्यावर रंग नव्हता. माझ्या मनात काय आलं ते लिहितो. मला वाटलं, झालं, संपलं, आता अण्णा माझ्याकडे बघतील. साहेब आता चालतील, मी त्यांना दगड दाखवीन, आणि संध्याकाळपर्यंत या घरात फक्त माझंच बोलणं होईल.

पण वरून कोंड आला होता. मुंबईहून आलेले गडी, घरचे गडी, झाडून सगळे. त्यांनी जीपकडे पाहिलं. रामा गावकर म्हणाले, “गाडी दारात यायची ती वाटंत पडली. आज शिमगा हाय. असं नाय चालायचं.” चार वासे आले. ते जीपखालून घातले. पालखीला खांदेकरी उंचीने निवडतात, तसे गावकरांनी गडी उंचीने लावले, पुढे ठेंगणे, मागे उंच, म्हणजे चढावर तोल राहतो. “तू ये रे,” ते मला म्हणाले, “तुजी उंची बराबर हाय.” मी खांदा लावला. काय करणार, उंची बरोबर होती! मग ढोल वाजला, आरोळी उठली आणि वसंताची जीप जमिनीवरून उठली. आधी गुडघ्याएवढी, मग कंबरेएवढी, मग आमच्या खांद्यावर. दोन-तीन महिने धडपडून वसंताने ती वीतभर उचलली होती. कोंडाने ती पुरुषभर उचलली. मध्ये थांबत, खांदे बदलत, पालखीला देतात तसे हेलकावे देत ती चढ चढत होती. मागून साहेब बूट हातात घेऊन येत होते, कारण शेणसड्यावरून ते घसरत होते. आणि अण्णा? अण्णा बाजूने चालत होते आणि रडत होते. माझं एकही पत्रक वाचून ते कधी रडले नव्हते.

देवळापुढे जीप ठेवली. बायकांनी तिच्या बॉनेटला कुंकू लावलं. साहेबांना घोंगडीवर बसवलं, पाणी दिलं, गुळाचा चहा दिला. ते माणूस चांगले होते. घाम पुसून म्हणाले, “वाट मी पाहिली. आता मला वर कळवायचंय. वाहन कोंडापर्यंत येतं की नाही, एवढंच विचारतात. काय लिहू? वाहन आलं असं लिहू?”

सगळे गावकरांकडे बघू लागले. गावकरांची मान ताठ झाली. कोळशाच्या लॉऱ्या जंगलातूनच परत गेल्या होत्या, आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या दारात मोटार उभी होती. ते म्हणाले, “आलीच की. ही काय हुबी हाय. आली म्हनून लिवा साहेब.” गडी मान डोलावू लागले. मुंबईचा एकजण म्हणाला, “लिहा लिहा. आमच्या चाळीत सांगायला झालं.”

आता माझी वेळ होती. यासाठीच मी जन्मलो आहे असं मला त्या क्षणी वाटलं. मी उठलो, पाराच्या पायरीवर चढलो, घसा साफ केला आणि म्हणालो, “साहेब, स्वातंत्र्याला इतकी वर्षं झाली, तरी या डोंगरातला कष्टकरी—”

“उचलून आणली, असं लिहा,” वसंता म्हणाला.

तो जीपच्या पायरीवर बसला होता, तुटलेला पाटा हातात घेऊन. डोकंसुद्धा वर केलं नाही त्याने. साहेब वळले. “पण तुमचीच गाडी ना? तुम्ही तर म्हणत होता, ही कुठेही जाते.”

“म्हणत होतो. नाही आली. तीस-चाळीस माणसांनी उचलली तेव्हा आली. तसंच लिहा.”

साहेबांनी लिहिलं. त्याचा रस्ता झाला का, तर झाला, पण अर्धा एका पावसाळ्याआधी आणि अर्धा कितीतरी नंतर, आणि तोवर वसंताने जीप विकून टाकली होती. रस्ता झाल्यावर इतरांच्या लॉऱ्या वर जाणार आणि त्याच्या उंच जीपची गरज कोणालाच उरणार नाही, हे त्याला तेव्हाही कळत असणार. मी पुढे त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, “मग काय खोटं लिहायला लावू? पाटा तुटला होता ना.” माझी सात पत्रकं आणि एक अर्धवट भाषण ज्या गोष्टीसाठी होतं, ती गोष्ट त्याने चार शब्दांत, बसल्या जागी सांगून टाकली. रस्ता मिळाला याचा आनंद मला झाला, होणारच. पण बोलणं तेवढंच माझं उरलं होतं, तेही त्याने घेतलं.

जेवायला आम्ही देवळाच्या ओसरीवर बसलो. पुरणपोळी, कटाची आमटी, भात. पण गावकर वसंताकडे बघत नव्हते. त्यांच्या दारात आलेली मोटार त्याने कागदावर परत नेली होती. ज्या म्हातारीने मला सोयरिकीचं सांगितलं होतं, ती वाढत वाढत आली आणि वसंताच्या पानापुढून सरळ पुढे गेली. मुंबईच्या गड्याने त्याच्याकडे पाठ फिरवली. मग म्हातारी माझ्यापाशी थांबली, माझ्या पानात दोन पोळ्या वाढल्या आणि वर तुपाची धार सोडली. गावकर मोठ्याने म्हणाले, “वाढ गो, त्येला वाढ. बोलायला उठला व्हता, पन गप ऱ्हायला. गावाची लाज राखली पोरानं.”

मी समोर बघितलं. वसंताच्या पानात एकच पोळी होती. अख्खा कोंड त्याच्यावर चिडला होता, खरं बोलला म्हणून. तो खाली मान घालून शांतपणे जेवत होता. अण्णा आपल्या जागेवरून उठले, आपल्या पानातली पोळी त्याच्या पानात ठेवली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. माझ्या तुपात बोट बुडालेलं तसंच राहिलं. सायीचा हेवा मला वाटला होता, जीपचा वाटला होता, अण्णांच्या हसण्याचा वाटला होता. त्या पंगतीत बसून मला, इतक्या लोकांचा मिळून एका माणसावर असलेल्या, माझ्या एकाही पत्रकाच्या वाट्याला कधी न आलेल्या त्या रागाचा हेवा वाटत होता.